मोठीच्या साड्यायच्या पिशव्या

माहं नाव वनमाला. माहेर रिद्धपूरच्या अंगाचं आन् सासर हे अंजनगाव, अठी सुर्जीत. लहानपनी ताप येऊन माहा एक पाय आखूड राह्यला, म्हनून सोयरीक जुळे ना, जो येई तो माह्या चालन्याकडं पाहे, तोंडाकडं कोनी पाहेच ना, आन् तोंड काई वाईट नोतं बरं, आता नका पाहू, तवाचं सांगून राह्यली. मंग हे बिजवराचं ठिकान आलं. बायको मेलेली, एक लहानशी पोरगी, मानूस जिनिंगमधे कामाले. माह्या बापानं मले इचारलं बी नाई, म्हने पोरी, घर रिकामं हाये, जाऊन बस. घर रिकामं हाये म्हने! काय सांगू तुमाले ताई, मी उंबरठा ओलांडला तं घर भरेल होतं.

म्हंजे कसं, ते सांगतो. आमच्यात बिजवराले पोरगी देल्ली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतेत. टाक म्हंजे चांदीचा लहानसा पत्रा, त्याच्यावर बाईची मूर्ती ठोकेल असते. सासूनं मंगळसूत्राच्या संगंच तो माह्या गळ्यात बांधला, म्हने ही प्रमिला, ही मोठी, तू धाकटी, घरात नवं काई आलं, साडी म्हना, बांगड्या म्हना, पहिले मोठीले दाखवाचं, मंग आपन घालाचं. मी तोंडाची फटकळच, मी म्हनलं मेलेल्या बाईले काय कमी हाये? सासू म्हने, मेलेल्यालेच कमी असते माय, जितीले मांगता तरी येते. पहिल्या दिवाळीले मी ऐटीत नवी साडी तशीच नेसली, दाखवलीच नाई, आन् भाऊबीजीले तापानं अशी फनफनली का दातखीळ बसली. सासूनं साडी काढून टाकापुढं ठेवली, कुंकू लावलं, तवा उतरला ताप. डॉक्टर म्हने मलेरिया. असन मलेरिया. पन त्या दिवसापासून मले तिचं भेव बसलं ते बसलं.

शिलाई मशीनबी तिचंच. माहा पाय आखूड, तरी पायडल मारता येई, म्हनून मी त्याच्यावर पोलके शिवू लागली, गल्लीतल्या बायायचे. भर दुपारी, घरात कोनी नाई, आन् शिलाई जराशी वाकडी गेली का मांगं कोनीतरी हं करे. असं, हं. मी वळून पाहो तं भित, खुंटीवर टोपली, बस. मंग मी ती शिलाई उसवो आन् सुधी मारो. तुमी हासून राह्यल्या, हासा, पन माही शिलाई सुधारली ते तिच्याच भेवानं.

पोरगी म्हंजे रुपाली. ती मले मावशी म्हने. तेल्हाऱ्याचा तिचा मामा, मोठीचा सख्खा भाऊ, त्यानंच शिकवलं होतं तिले, ही तुही माय नाई, मावशी म्हन. मी म्हनलं म्हनू दे. तिची वेनी मी घातली, तिच्या उवा मी काढल्या, गोवर आला तवा पदराखाली घेऊन मी बसली, अकोल्याले कालेजात घातलं तवा दर आठोड्याले डबा बांधून एस्टीनं मी धाडला. लोक म्हनत, माय मरो पन मावशी जगो. ही म्हन कोनी तोंडावर म्हनली का गळ्यातला टाक गार लागे, मी मनातल्या मनात म्हनो, मोठे, मी नाई म्हनलं बाई, लोक म्हनतेत. मले सोताचं लेकरू झालं नाई. मले एकच हाव होती ताई, एकच, का पोरीच्या लग्नात ह्यांच्या बाजूले पाटावर बसावं आन् कन्यादान करावं. आई नाई म्हनलं तं नाई, पन त्या वेळेले तिच्या हातावर पानी माह्या हातानं पडलं पायजे. यवढंच मांगनं.

आन् मंग लग्न जुळलं. पोरगं अकोल्याचं, मानसं बरी. रुपाली म्हने, मावशी, येनाऱ्या बायायले स्टीलच्या वाट्या कोनी वापरत नाई, पडून राह्यतेत, आपन कापडाच्या पिशव्या देऊ, घरीच शिवू, बाया बजारात नेतीन. तिनं मोबाइलवर पाह्यलं होतं कशी शिवाची ते. मी म्हनलं त्यात मोबाइलवर पाहाचं काय हाये, दोन चौकोन, दोन पट्टे, झाली पिशवी, कापड आनू मांजरपाटाचं. ती म्हने कापड हाये घरी. आन् पलंगाखालची पेटी ओढली तिनं.

ती पेटी मोठीच्या साड्यायची. मी दर दसऱ्याले त्या साड्या ऊन दाखवाले काढो, झटको, डांबराच्या गोळ्या बदलो, पुन्ना ठेवो. नेसलं कोनीच नाई. माही काय टाप होती. पेटी उघडली तं मी म्हनलं, पोरी, हे नाई. मेलेल्या बाईचं वस्त्र, त्याच्यावर कात्री चालवाची नाई. ती म्हने, मावशी, मले आई आठवतच नाई, मले ह्या साड्याच आठवतेत, दोरीवर वाळत घातल्या तवाच्या. पेटीत राहून आई रोज मरून राह्यली, बाहेर काढली तं हिंडन तरी. हे शेजारीच होते, ह्यांच्याकडं पाह्यलं, म्हनलं तुमी बोला काईतरी. हे म्हने, तिच्या मायच्या हायेत, ती पाहीन. आमचे हे असेच, तोंडात पान नसलं तरी पान असल्यासारखे.

मी पक्कं सांगतलं, मी शिवून देतो पन कापनार नाई, माह्या हातात कात्री देऊ नका. मंग तिनंच कापल्या. पेपराचा साचा केला, साडी दुहेरी करून तिच्यावर तो ठेवला, खडूनं रेघ मारली आन् कर्र कर्र. तो आवाज माह्या अंगातून जाये. मी मशीनवर बसली. आतून जुन्या चादरीचं अस्तर, काठाचे पट्टे, तोंड दुमडून दुहेरी शिलाई, खालचे कोपरे मारून पिशवी उलथी कराची. हे जिनिंगवरून आले का लाटन्याच्या टोकानं कोपरे बाहेर काढत आन् इस्त्री फिरवत. तुमाले खरं सांगतो, अख्ख्या संसारात आमी तिघं असे एका कामाले बसलो नोतो. पोरगी हासे, हे बी एकदोनदा बोलले, हिरवी साडी पाहून म्हने ही तिनं अमरावतीले घेतली होती, मांगं लागून. इस्त्री फिरली का त्या कापडातून डांबराचा वास जाये आन् खालून दुसरा वास ये, खोबरेल तेलाचा, माह्या तेलाचा नाई, दुसऱ्या कोनाच्या डोक्याचा. मी भितीकडं पाहो, वाटे आता हं करन. पन काईच नाई. ते जास्त वाईट वाटे, तिचं गप राहनं.

सर्वात खाली पिवयी साडी होती, जांभळ्या काठाची, घडीबी मोडेल नोती. उलगडली तं तिचा फॉल अर्धाच लागेल. अर्ध्यात सुई टोचेल, गंजून गेलेली, दोरा लोंबून राह्यलेला. मोठी ती साडी भावाच्या लग्नासाठी तयार करून राह्यली होती, फॉल लावता लावताच चक्कर येऊन पडली, ते उठलीच नाई. तिच्या हातचा शेवटचा टाका तो. मी म्हनलं रुपाली, तुह्या पाया पडतो, ही नोको. तिनं त्या सुईवर बोट फिरवलं. म्हने, मावशी, ही तं आईनं नेसलीच नाई, हिच्यात आई नाईच. आन् कात्री लावली. मी त्या पिशव्या शिवल्या, पन डोये पुसत पुसत शिवल्या.

आता चूक कोठी झाली पाहा. पोरीनं मनानंच ठरवलं, पिवयीतली एक पिशवी मामीले द्याची, मामाले आनंद होईन, बहिनीची आठोन. तिले काय ठाव, का ती साडी मामानंच घेतली होती, सोताच्या लग्नात नेसाले, बहिनीसाठी. आमाले कोनालेच ठाव नोतं. ह्यांना असन, पन हे बोलतेत कोठी.

लग्नाच्या दिवशी मांडवात बायायले हळदीकुंकू लावून पिशव्या देल्ल्या, आत नारय आन् ब्लाउजपीस. साऱ्या खूश. मामीनं पिशवी खांद्यावर टाकली आन् मामानं पाह्यली. ताई, मानूस जाग्यावर थिजला. काठ चिमटीत धरून पाहे, उलटून पाहे. मंग ओरडला, माह्या बहिनीची साडी कोनं कापली? नवरदेवाकडच्या बाया एकमेकींकडं पाहाले लागल्या, त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं हातातली पिशवी इस्तव लागल्यासारखी खाली टाकली, म्हने मेलेल्या बाईचे कपडे लग्नात वाटले? कोन्या अवदसेची अक्कल ही? अशा घरची पोरगी कराची का आपन?

रुपाली दारात उभी होती, अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. मले दिसलं, तिचे ओठ उघडले, आता बोलते ही. आन् बोलली असती तं झालं असतं, लग्नाच्या आंधीच सासरच्या तोंडी अपशकुनी म्हनून नाव गेलं असतं, लग्न होतं का मोडतं देव जाने. मी दोन पावलं पुढं झाली, म्हनलं मी कापली. पोरीले ठाव नाई. ते आहेर म्हनून मी गुपचूप केलं.

कावून बोलली? इचार करून नाई बोलली. तोंडातून निघून गेलं.

मामा म्हने, सवत ते सवतच. जिती नोती तरी हिनं तिले सोडलं नाई, तुकडे तुकडे करून गावाले वाटली. म्हने ही बाई मांडवात उभी राह्यली तं मी भाचीले हात लावनार नाई, आन् कन्यादान मी आन् माही बायको करू. नवरदेवाकडच्या बाया लगेच पलटल्या, च् च् बिचारी पोर, सावत्र आईच्या हाताखाली निघाली म्हने. म्हंजे काम झालं होतं. मी ह्यांच्याकडं पाह्यलं. इस्त्री तं ह्यांनीच फिरवली होती. हे सोताच्या पायाकडं पाहत होते. पोरीनंबी मान खाली घातली. मी स्वयंपाकघरात जाऊन भाताच्या गंजाजवय बसली. मुठीत अक्षदा होत्या. मंगलाष्टकं आयकू ये, सावधान म्हनलं का मी त्या अक्षदा मांडवाच्या दिशेनं टाको, त्या भितीले लागत आन् खाली पडत. काय लपवू तुमच्यापासून, ढसढसा रडली मी. आचारी म्हने बाई, भातात पानी पडन.

जाताना पोरगी गळ्यात पडून रडली. मीच म्हनलं, जाय माय, सुखानं नांद.

आता बजारात जातो तं मोठी दिसते. गंमत नाई करून राह्यली. मेथीवाल्याजवय हिरवी साडी दिसते, कोन्या बाईच्या खांद्यावर, आत कांदे. रिक्शात निळी दिसते. एकदा त्या पिवयीच्या मांगं मी लंगडत लंगडत पार एस्टी स्टँडपर्यंत गेली, कोनाच्या हातात होती तेबी पाह्यलं नाई, नुसती पिशवीच पाहत गेली. सारा गाव फिरते ती. आन् घरात मातर नाई. आता शिलाई वाकडी जाऊ दे, तिरपी जाऊ दे, मांगं कोनी हं करत नाई. पोरगी गेली, संगं तीबी गेली. यवढी वर्सं जिचं भेव वाटलं तिच्याबिगर आता घर खायाले उठते. मी दुपारी मशीनवर बसल्या बसल्या बोलतो तिच्याशी. म्हनतो मोठे, तू तं पाह्यलं न, कात्री कोनाच्या हातात होती? तुह्या पोरीसाठी बोलली ना वं मी? ती काई म्हनत नाई. हे ऐकतेत आन् पेपर वर करतेत.

रुपालीले दिवस हायेत. सातवा लागीन आता. पहिलं बाळंतपन माहेरी असते, तं मामा म्हने तिले तेल्हाऱ्याले धाडा, त्या बाईच्या घरी माही भाची बाळंत होनार नाई. परवा रुपालीचा फोन आला, म्हने मावशी, मी मामाले खरं सांगून टाकतो आता, मले अंजनगावलेच याचं हाये. यवढंच तं आयकाचं होतं मले. एक घडी वाटलं म्हनावं, सांग माय, आत्ताच सांग, आन् ये. पन पोटात लेकरू, मामा तापट, सासरच्यायच्या कानावर गेलं तं पुन्ना तेच, मेलेल्या मायचे कपडे कापनारी. मी म्हनलं गप राह्य. मामाकडं जाय, मामीचा हात चांगला हाये, तूप खाय, नाचनी खाय. लेकरू झालं का फोटो धाड. मावशी तं हायेच. ती तिकडून हुं हुं रडे आन् मी तिले रागवो, रडू नोको, पोटातल्याले लागते.

मोकयी होऊ दे बाई सुखरूप, कोठीबी होवो. लेकराले तिचे डोये असतीन, मोठीचे, फोटोत हायेत तसे, तेबी चालीन. तुमी ताई लिहाचं ते लिहा, नावं बदला, गाव बदला. पन तेल्हाऱ्याकडचं कोनी भेटलं आन् इचारलं, तं सांगजा, धाकटीनंच कापल्या.