खाचेवरची पट्टी

नाही नाही, तिथून नको रे विशाल – विशालच ना नाव तुझं? – पट्टा चाकातूनच घे, बॉडीवरून अजिबात नको, कार्बन आहे ती, लोखंड नाही, आवळलास तर तडा जाईल. हां, माहितीये मला, तू रोज गाड्या उचलतोस. पण ही रोजची नाही ना. हसतोस काय? समजलं. उद्या जी गाडी मुद्दाम भिंतीवर ठोकायचीये तिला आज ओरखडा आला तर काय बिघडलं, असंच ना? बरोबर आहे तुझं. सगळे तेच म्हणतात. पण भिंत उद्या आहे, विशाल. आज ती माझ्या दारात उभी आहे. बस जरा, चहा सांगितलाय. पोचशील रे, पुण्याच्या पुढे काय लांब आहे, दिवसभरात कधीही आणा म्हणालीये चेतना. चेतना म्हणजे माझी मुलगी. ती सकाळीच गेली अशीच दुसरी गाडी घेऊन, तिकडे थांबलीये तुझ्यासाठी – म्हणजे पोचायची असेल अजून. गाडी तिची. म्हणजे ड्रॉइंग तिचं, डोकं तिचं, पैसा यज्ञेशच्या वडलांचा – यज्ञेश म्हणजे तिच्या कॉलेजातला, पार्टनर तिचा – आणि हात माझे. मी भीमराज. बाहेर पाटी वाचलीस ना, चेतना ग्रिल वर्क्स? ती गाडीच्या आधीची पाटी. काढू म्हणतात दोघं, पण राहू दे म्हटलं, ती जन्मली तेव्हा लावलेली आहे.

आता तू म्हणशील ग्रिलवाल्याचा आणि असल्या गाडीचा काय संबंध. तू जाताना वर बघत जा. चारकोपचे सगळे सेक्टर, गोराई, बोरीवलीत लायब्ररीच्या मागच्या सोसायट्या – निम्म्या खिडक्यांना माझी ग्रिल. एकदा पाचव्या मजल्यावर दोन माणसं एसीचा डबा घेऊन ग्रिलवर उभी होती, आत गुजराती बाई देवाचं नाव घेतेय, आणि मी खाली पान खातोय. का? कारण मला माहिती, भीमराजचं काम वाकत नाही. आमच्या धंद्यात दुसरं काही नसतंच रे. रंग उडो, गंज धरो, वाकता कामा नये. आणि माझीच पोरगी गाडी अशी काढते, जी वाकलीच पाहिजे. थांब, सांगतो. तुला दाखवतो, इकडे ये, हे पुढचं झाकण उचल – इंजिन नाही शोधायचं, ते पाठीमागे आहे, सीटच्या मागे, बसलास की पाठीत धडधडतं. शून्यावरून शंभर, चार सेकंदांच्या आत. मी एकदा बसलो, परत नाही बसलो. अख्ख्या पंचवीस करायच्या, त्याच्यावर एक नाही. का म्हणजे? हातानं होतात म्हणून. वरची बॉडी कार्बनच्या कापडाची – कापडच असतं ते, साच्यात थर लावायचे आणि भट्टीत भाजायचे. भट्टी आपल्या शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याची, रविवारी रिकामी असते तेव्हा देतो. वजनासाठी तर पोरगी जीव टाकते. बोल्टसुद्धा पोकळ करून घेतलेत. आणि खालचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, त्याला आपलं साधं वेल्डिंग चालत नाही, आर्गॉन गॅसवालं लागतं. ह्या वयात शिकलो मी आर्गॉन. डोळ्यांना पाणी यायचं, पण शिकलो. सुरुवातीला दोन जणांना ठेवलेलं तिनं ह्या कामाला, त्यांच्या प्रत्येक जोडावर ती लाल रंग मारायची, पुसायची, वरून पांढरा मारायची – बारीक भेग असेल तर लाल रेघ वर येते. माझ्या जोडावर कधीच नाही मारला. यज्ञेश म्हणालासुद्धा, काकांचेही तपासू ना, नियम म्हणजे नियम. तर त्याला काय म्हणाली माहितीये? ‘बाबांचं काम तपासायचं नसतं.’ माझ्यासमोर म्हणाली. मी तिकडे तोंड करून उगाच काहीतरी घासत बसलो.

हां, तर वाकायचं. ह्या दोन नळ्या बघ, पुढे निघालेल्या, चौकोनी. ह्यांच्यावर तिनं खाचा मारायला लावल्या. चांगली नवी नळी, तिला खाचा! मी म्हटलं, चेतू, अगं लंगडी करतेस कशाला तिला? तर तिनं कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन आणला, जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर उभी राहिली. एका पायावर. काही नाही झालं. मग यज्ञेशनं खाली वाकून बोटानं त्याच्या पोटाला जरा टिचकी मारली – आणि कॅन खाड्कन खाली बसला, असा घडी पडून. म्हणाली, बाबा, खाच म्हणजे आपण त्या नळीला आधीच सांगून ठेवलंय, वेळ आली तर तू इथून वाक. जोर कुठेतरी जाणारच ना. तो इथे, पुढे जिरला पाहिजे. इथे नाही जिरला तर तो सरळ आत येतो, माणसाकडे. भिंतीवर ठोकून तेच बघतात म्हणे, आत बाहुले बसवतात, त्यांच्या छातीत यंत्रं असतात, बाहुल्याची छाती किती दबली ते कळतं. त्यात पास झाली तर पंचवीस गाड्या. नाहीतर यज्ञेशचे वडील हात आखडता घेणार, आणि पोरीची सगळी वर्षं पाण्यात. पटलं मला. म्हणजे – मान हलवली मी.

घे, चहा आला. साखर कमी असते ह्याची. तुला एक सांगू का, तू आता गाडी पोचवणार आणि जाणार, म्हणून सांगतो, तिकडे बोलू नकोस कुणाजवळ. चेतू गाडी चालवते ना, मला बघवत नाही. टेस्टिंगची नंबरप्लेट लावून काढते आणि लिंक रोडच्या सिग्नलला सोडली की आवाज इथवर येतो, इस्टेटमधली सगळी गाळ्यांच्या बाहेर येतात, झकास, झकास करतात, आणि मी आत बसून तो आवाज कमी व्हायची वाट बघतो. तिला कधी बोललो नाही. बोलू कसा? तिची आई म्हणते, शिकवलीत ना हौसेनं, मग आता भिऊ नका. पण भीती काय विचारून येते? रोज त्या खाचा दिसायच्या मला. जेवताना दिसायच्या. अख्खं आयुष्य मी लोकांच्या पोरांनी खिडकीतून पडू नये म्हणून लोखंड लावलं, आणि माझ्या पोरीच्या पुढ्यात काय, तर खाचा मारलेली नळी? मग एका रविवारी इस्टेट बंद होती. वजनबिजन सगळं करून झालेलं तिचं, म्हणजे काट्यावर दिसायचा प्रश्न नव्हता. आतल्या बाजूनं लावली पट्टी. खाचेवर बरोबर. जाड. दोन्ही नळ्यांना. आणि वेल्डिंग असं केलंय ना विशाल, की हात फिरवलास तरी कळणार नाही, आयुष्यातलं चांगलं काम आहे ते. म्हटलं ठोकू दे उद्या, भिंत फुटेल पण ही नाही वाकायची. मग कळेल सगळ्यांना गाडी कशाला म्हणतात. हिला लावली आणि ती चालवते तिलाही लावली. तिला तर आधी लावली.

काय? कुठली जीप? हां, बोल की, टो करता करता तू खूप बघितलं असशील. पुढे गार्ड – लोखंडाचा, फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला, बरं. डिव्हायडरला? आणि जीपला काही नाही झालं. बघ, तेच तर मी म्हणतोय मघापासून, मजबूत काम असलं की – हेडलाइटसुद्धा फुटला नाही? वा. मग? मग आतली माणसं? बेल्ट लावले होते ना त्यांनी? लावले होते.

दोघंही गेले?

अंगावर बाहेरून काहीच नव्हतं म्हणतोस.

थांब. जरा थांब, तो कप ठेव खाली. जोर कुठेतरी जाणारच, म्हणाली होती. सरळ आत येतो, म्हणाली होती. मला सांगितलं होतं रे तिनं, त्या कॅनवर उभी राहून सांगितलं होतं, आणि मी – पट्टे सोड. सोड ते पट्टे, विशाल, गाडी खाली घे, ही नाही जात आज कुठे. तुझी खेप बुडणार नाही, ते मी बघतो, तू आधी गाडी उतरव. नाही, नको, ते राहू दे, ही इथेच आहे, हिला काय होतंय. ती दुसरी रस्त्यावर आहे. ती आता कुठे असेल? सकाळी निघाली ती – एक्सप्रेसवेवर इंजिन किती तापतं ते बघते म्हणाली, म्हणजे पळवतच असणार. फोन कुठे ठेवला मी? तिला नको. चालवताना ती उचलत नाही, आणि आज उचलला तर? आज नको उचलू दे. यज्ञेश आहे बाजूला, त्याला लावतो.

वाजतोय.

हॅलो, यज्ञेश? काका बोलतोय. कुठे आहात? नाही रे, गाडी ठीक आहे, काही झालं नाही. तू तिला सांग हळू कर. अरे हळू म्हणजे हळू, एकदम ब्रेक नको मारू म्हणावं. फूडमॉल येतोय ना? आत घ्यायला सांग. कारण मी सांगतो म्हणून. फोन बंद करू नकोस, असाच धरून ठेव. तिला नको देऊ, थांबल्यावर दे – विशाल, ऐकू येतंय बघ इंजिन. जोरात आहे अजून. कमी होतंय. गियर टाकला तिनं. कमी होतंय, होतंय ना? तुलाही येतंय ना ऐकू?

बंद झालं.

चेतू? हां, मीच. नाही, मी बरा आहे, आईपण बरी आहे. तू आधी गाडीतून उतर. उतर म्हटलं ना, मग बोलू. दोघंही उतरा. उतरलीस? दरवाजा लाव. आता ऐक, मध्ये बोलू नको, नाहीतर मला सांगता यायचं नाही. त्या खाचा आहेत ना, तुझ्या. मी त्या बुजवल्या. आतून पट्टी मारलीये. हिच्या पण, आणि तू आत्ता जिच्यातून उतरलीस तिच्या पण. तुला दिसलं नसतं गं, तू माझं बघतच नाहीस. आता बघत जा. सगळे जोड बघ माझे, पहिल्यापासून, रंग मार सगळ्यांवर. ऐकतेस ना?

चेतू?

विशाल, तू बाहेर जाऊन बस जरा.