छताकडे वळवलेला फ्लॅश

दोंडाईच्याच्या एका लग्नात मी माझा नवा फ्लॅश घेऊन गेलो होतो. उजेड छतावर मारला की चेहऱ्यावर मऊ उतरतो, एवढं शिकायला मी पुण्यात दोन दिवस घालवले होते. नवरदेवाचे काका, नाना, माझ्यामागेच उभे होते. अहिराणीत म्हणाले, "भाऊ, नवरदेव खाले शे. तू वर कोनले उजेड दखाडी राहिना?"

मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसरा फोटोग्राफर बोलवायची भाषा केली. मग मी फ्लॅश सरळ नवरदेवाच्या तोंडावर मारला. डोळे मिटलेले, नाक गायब, चेहरा चुन्यासारखा. नानांनी फोटो पाहून माझी पाठ थोपटली. "आते जमनं तुले. कितला गोरा दिसी राहिना."

तो फोटो मोठा करून त्यांनी आपल्या दुकानात लावलाय. तो बघून मला आणखी तीन लग्नं मिळाली.