बाबांचा चारचा डबा

...आणि वर मलाच विचारतात, "सूनबाई, हे खायचे आहेत की मोजायचे?" आता तुम्हीच सांगा, बदाम मी काय हौसेनं मोजते? डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आठच्या खाली आला नाही तर इन्सुलिनची सुई. आणि आमचे सासरे, म्हणजे बाबा, तुम्हाला सांगते, तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर, हजारोंना सुया टोचल्या, पण स्वतःला टोचायची म्हटलं की खुर्चीचा हात घट्ट धरतात. मला म्हणाले, "सुई सोडून काहीही चालेल." मी म्हटलं, बरं.

घोळ सगळा दुपारी चारचा हो! जेवायला अगदी शहाण्यासारखे बसायचे, पण चार वाजले की बिस्किटं, तीही चहात बुडवून... का, तर "बुडवली की साखर चहात उतरते." हे कंपाउंडर बोलतायत!

मग मी डबा सुरू केला. उकडलेलं अंडं, चीजचा तुकडा, मोजून पाच बदाम, काकडीच्या चकत्यांवर घट्ट दही. काकडीत साखर किती, म्हणून डॉक्टरांना फोनसुद्धा केला... हो, काकडीत. नवरा म्हणाला, "अगं, काकडीला तरी सोड." मी म्हटलं, बरं. सोडलं नाही.

चार वाजता बाबा आमच्या ठमीला बालवाडीतून आणायचे, वाटेत बागेतल्या बाकावर दोघांचे दोन डबे. तिच्या डब्यात बिस्किटं, यांच्या डब्यात अंडं. दोन्ही डबे चाटूनपुसून परत! मी हवेत. आणि घरच्या यंत्रावर त्या दिवसाची साखर किती? दोनशे चाळीस. तुम्हाला सांगते, मी अंड्यावर संशय घेतला, दह्यावर घेतला, शेवटी स्वतःवर... तो तर काय, कायमच हाताशी असतो.

तेवढ्यात ठमी म्हणते, "आई, उद्या अंड्यावर मिरपूड कमी घाल ना."

अंड्यावर? तुला काय करायचंय अंड्याशी?

"आजोबा मला बिस्किटं संपवू लागतात. मी त्यांना अंडं संपवू लागते."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे. "पोरीला अंडं चांगलं असतं," म्हणाले. मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही डब्यांत अंडं, चीज, काकडी. ठमीची बिस्किटं घरी, माझ्या डोळ्यांसमोर. ठमीनं सांगितलं, आजोबांनी डबे बदलले, उघडले, पुन्हा बदलले, पुन्हा उघडले... घरी येऊन एवढंच म्हणाले, "हे राजकारण आहे." मी म्हटलं, बरं!

तीन महिन्यांनी त्या सरासरीचा रिपोर्ट आला. सात पूर्णांक चार! मी तो चारदा वाचला, नाव तपासलं, वय तपासलं, मग मात्र दवाखान्यात सगळ्यांदेखत रडले. सुई टळली होती हो! डॉक्टर म्हणाले, "आजोबा, कसं जमवलंत?" बाबा ताठ बसून म्हणाले, "मनाचा निग्रह." डॉक्टर इतके खूश, की शनिवारी बाकीच्या पेशंटांपुढे बोलायलाच बोलावलं.

घरी आल्या आल्या बाबा म्हणतात, "सूनबाई, काय काय खाल्लं ते जरा लिहून दे, भाषणाला लागेल."

दिलं लिहून, दोन पानं. पहिलं वाक्य तेवढं त्यांनी स्वतः सांगितलं: "मित्रहो, मला कुणाचीही मदत नव्हती."