शेवटी मत देणारे काका

चूक सगळी आमच्या सुभाषकाकांची, हे आधीच सांगून टाकतो.

रविवारी आम्ही घरचे लोक मोबाइलवर कॉल लावून एका अ‍ॅपवर माफिया खेळतो. दोघं गुपचूप माफिया, बाकीचे गावकरी. संशय घ्यायचा आणि मतं देऊन एकाला बाहेर काढायचं. काका चाकणच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. डिप्लोमा सोडल्यापासून मी त्यांच्याच शब्दावर तिथल्या नोकरीची वाट बघत होतो.

काका प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या शेवटी मत द्यायचे, तेही जिकडे गर्दी तिकडेच. मी सरळ बोललो, "काका, माफिया तुम्हीच. स्वतःहून एकदा तरी कुणाचं नाव घेतलंत का?"

"तू मला शिकवणार? डिप्लोमा झेपला नाही तुला!"

"ते राहू द्या. मत कुणाला?"

"बाकीच्यांचं होऊ दे आधी."

सगळ्यांनी मिळून काकांना काढलं. स्क्रीनवर आलं, साधा गावकरी!

काकू हसत सुटल्या. "अरे, सोसायटीच्या मीटिंगमध्येपण चेअरमनचा हात वर गेल्याशिवाय ह्यांचा जात नाही."

मी म्हणालो, "मग माफिया परवडला, राव. तो निदान स्वतःच्या डोक्याने मत देतो."

काकांनी कॉल कट केला. सोमवारी मी फोन केला, तर म्हणाले, "तुझं नाव अजून दिलं नाही. साहेबांचं काय मत पडतंय बघू."

साहेबांनी त्या जागेवर स्वतःचा मेहुणा लावला. काकांनी लगेच मान डोलावली असणार.

मी अजून थेरगावात घरी बसून आहे.