कोरडे बूट

नाही हो बाई, सरकू नका, मावते मी — तर सांगत काय होते, त्या काचेमागं झोपलाय ना, तो माझा लिअँडर, त्याला विणलं मी. आमच्या न्यूफाउंडलंडात असंच विचारतात, तुझी आई कोण असं नाही, तुला विणलं कुणी? डॉक्टर बाहेरगावचा, त्याला सांगितलं तर हसला, आणि मग हसायचा थांबला. म्हणाला, मिसेस पेनी, नेमकं तेच झालंय. हृदयाच्या पेशींत बारीक बारीक इंजिनं असतात म्हणे — मायटोकॉन्ड्रिया — ती लेकराला आईकडूनच मिळतात. याची बंद पडत चाललीत. औषधं आहेत की, पण ती हृदयावरचा भार हलका करतात, इंजिन नाही सुरू करत. मी बाही वर केली, म्हटलं, माझ्यातली काढा! तर तो खालीच बघायला लागला. माझीच तर आहेत ती. मला कसं काही झालं नाही? कुणाच्या वाट्याला खराब थोडी येतात, कुणाच्या फार. माझ्या वाट्याला थोडी आली, एवढंच.

सहा वर्षांपूर्वी हा होडीवर पहिल्यांदा कोसळला, तेव्हा विचारलं होतं मला — माहेरी कुणी हृदयानं गेलंय? मी म्हटलं, छे, आमची माणसं समुद्र नेतो. गस मामाला नेलं, माझ्या भावाला, अँब्रोजला नेलं. खोटं नव्हे हो, आमच्यात असंच म्हणतात, थडग्यावरही तेच कोरलंय. पण अँब्रोजची होडी मीच ओढली किनाऱ्याला. आत नुसता बसल्यासारखा होता. बूट काढले मी त्याचे — कोरडे. मोजेसुद्धा कोरडे. कुणी बोललं नाही, मीही नाही. छातीनं कच्चं घराणं म्हटलं की पोरांना होडीवर घेणार कोण? आणि हा सहा वर्षं जाळी ओढत राहिला, औषधाविना. तेव्हाच सुरू झालं असतं तर — नका, समजूत नका घालू.

आता म्हणतात, मुलीला सांगा, व्हर्नाला, तिचीही तपासणी करू. चौथा महिना आहे तिला. काय सांगू? मी तुला जे दिलं, तेच तू आता — रोज ठरवते, रोज तिच्याकडं नुसता चहा पिऊन घरी जाते. तुम्हाला बरं सगळं सांगून बसले, ओळख ना पाळख —

आली. तीच ती. तुम्हाला शपथ आहे, एक अक्षर बोलू नका.

व्हर्ना! ये, बस आधी. केवढी धाप लागलीय गं — एकच तर जिना आहे. काय? छे, कुठं काय, या बाईंशी हवेच्या गप्पा मारत होते.