सर्जेरावाची मिशी आणि पाणबुड्याची काच

साहेब : पट्टा नको, सर्जेराव. मास्क नुसता डोळ्यांवर-नाकावर टेकवा, नाकानं श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा.

सर्जेराव : हा बगा, वढला... पडला! साहेब, ही काचच वंगाळ हाय. दुसरी काडा.

साहेब : ही तिसरी. काच, रबर सगळं ठीक आहे. तुमची मिशी आड येते. तिच्यातून हवा शिरते, खाली पाणी शिरेल.

सर्जेराव : वाईच खोबऱ्याल चोपडतो की.

साहेब : तेलानं रबर खराब होतं. सरळ मिशी काढा, पुन्हा येईलच.

सर्जेराव : काडू? साहेब, आबा जिते हायेत माजे!

साहेब : मग आबांना विचारून काढा.

ज्ञानू : तसं न्हवं, साहेब. आमच्यात बाप गेल्यावरच मिशी उतरवत्यात. बाप जिता असताना उतरवली, तर त्येचं मरान मागितल्यावानी हुतं.

साहेब : असं होय! मग नकाच काढू. पण धरणाच्या दारांपाशी उतरायचं तर मास्क घट्टच हवा. आणि मुंबईला पाणबुड्याचं काम शिकायला मी एकालाच नेणार. ज्ञानोबा, तुम्ही या. ओढा श्वास. सोडा हात. मान हलवा... वा! मापानं शिवल्यासारखा बसलाय. आता पट्टा लावून ठेवा, मी होडीतून नळी आणतो.

(साहेब होडीकडे जातात.)

सर्जेराव : काड ती काच. लई मिरवाय लागलास.

ज्ञानू : लावून ठेव म्हनलेत साहेब.

सर्जेराव : पवायला कुनी शिकवलं रं तुला? विंझरच्या हिरीत तुज्या पोटाला भोपळा कुनी बांदला?

ज्ञानू : तूच.

सर्जेराव : बुडी मारल्यावर दम कुनाचा टिकतो?

ज्ञानू : तुजाच. आजून बी.

सर्जेराव : मग मुंबई तुजी कशी? गावात लोक काय म्हन्तील? सर्जानं शिकवल्याला गडी गेला, आन् सर्जा बसला काठावर! जिला पीळ भरून आजवर जत्रंत हिंडलो, त्या मिशीनंच घात केला. आन् तू! गेल्या म्हैन्यात भादरून गुळगुळीत झालास काय, आन् काच डकली काय. नशीब काडलंस लेका!

ज्ञानू : काय काडलं म्हनलास?

सर्जेराव : ...नशीब.

ज्ञानू : बाला खांदा दिलास तू. न्हावी माजी मिशी उतरवत हुता, तवा मागनं माजी डोई तूच धरली हुतीस.

सर्जेराव : तोंडातनं गेलं रं.

ज्ञानू : काच डकली तवा पयलं मनात आलं, घरी जाऊन बाला सांगू. मग उमगलं, बा असता तर डकलीच नसती.

सर्जेराव : ज्ञानू...

ज्ञानू : तू माज्यावर जळतोस, मी तुज्या मिशीवर. वेल्ह्यापास्नं एस्टीत शेजारी बसलो, सारा रस्ता तिच्याकडंच बगत हुतो.

सर्जेराव : माजं आजून जळतंय. खोटं कशाला बोलू? वळ हिकडं. मागं पट्टा पिळलाय तुजा, सरळ करतो.