ब्रेकची चाचणी अजून लाल आहे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, लिफ्ट कारखान्याचे व्यवस्थापक साहेब, चाचणी विभागाच्या प्रमुख मॅडम, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

माझी ओळख करून देताना पदव्या सांगायच्या राहिल्या, असं कोणी समजू नये; त्या नाहीतच. जे आहे ते माझ्या हातचं आहे. प्रोग्रामचे सुटे तुकडे जोडणारा आपला लिंकर, त्याच्या चाचण्या, लिफ्ट चालवणारे जुने कंट्रोलर बसवलेला रॅक आणि त्याखालचं टेबलसुद्धा. टेबल डगमगत नाही, हे कोणीही हलवून पाहावं.

अध्यक्षांनी मघाशी मला हट्टी म्हटलं. कौतुकानेच म्हटलं असावं. पण हट्ट कशाचा? ते आज, या निरोपाच्या कार्यक्रमातच, सांगणं भाग आहे, कारण लिंकरची नवी आवृत्ती उद्या लिफ्ट कारखान्याच्या हाती जायची आहे.

नव्या कंट्रोलरवर एक सोय असते, वीक सिम्बॉल नावाची. एकाच नावाची दोन फंक्शनं आली, तर ही खूण असलेला धाकटा भाऊ म्हणतो, थोरला आला, मी सरकतो. जुन्या कंट्रोलरला ही रीतच ठाऊक नाही. दोघे भाऊ दारात अडून बसतात, लिंकर हात टेकतो, चाचण्या लाल होतात, म्हणजे नापास. त्यात लाज कसली? सोयच नसेल तिथे 'इथे लागू नाही' लिहायचं, कारण द्यायचं, दोघांनी सही करायची. ही आपली पद्धत.

पण तेवढी उसंत कोणाला होती? मॅडमच्या गटाने लिंकरला एक मुभा देऊन टाकली: भांडण झालं, तर आधी येईल तो घरात. झालं, सगळं हिरवं. एकच चाचणी लाल राहिली. मॅडम म्हणाल्या, "मास्तर, हीसुद्धा त्याच माळेतली. वगळा, आणि सही करा."

"बाकीच्या चाचण्या तुकडे जुळले का, एवढंच बघतात," मी म्हटलं. "ही प्रोग्राम चालवून बघते."

चालवून काय दिसलं? लिफ्ट थांबवणाऱ्या फंक्शनचं नाव दोघा भावांना होतं. थोरला ब्रेक लावतो. धाकटा रिकामा, नुसता जागा अडवण्यापुरता. आणि आधी आला धाकटा. हुकूम गेला, 'झालं' असं उत्तरही आलं. ब्रेक लागलाच नाही.

मॅडमचा चेहरा उतरला. "तारीख चुकली तर विभागाला कुलूप लागेल हो," त्या म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. मी दुरुस्ती करून दिली: जुन्या कंट्रोलरसाठी धाकट्याला वेगळं नाव, मुभा बंद, बाकी चाचण्यांवर खरं कारण. ते पुन्हा तपासायला आठवडा हवा होता. तो मिळाला नाही. दुरुस्ती बाजूला पडून आहे, मुभा चालूच आहे, आणि ही चाचणी वगळायला उद्या दोन सह्या लागतील. त्यातली एक मॅडमची, दुसरी माझ्या जागी येईल त्याची.

व्यवस्थापक साहेब, आपण चहाचा कप खाली ठेवलात. म्हणजे आपल्याला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आपण सर्वांनी घड्याळाकडे न बघता ऐकून घेतलंत, ऋणी आहे. शब्द कुठे कमीजास्त झाला असेल, तर पोटात घाला. ब्रेकचं तेवढं घालू नका.

जाता जाता एक. निमंत्रणात छापलंय की मी विश्रांतीसाठी निवृत्त होतोय. तसं नाही. त्या एका चाचणीवर सही करावी आणि सल्लागार म्हणून इथेच राहावं, असा प्रस्ताव सोमवारी माझ्यापुढे ठेवला होता. मी नाही म्हटलं. वर्षाला अठरा लाख.